कौल नाही, काम थांबले

आज सकाळपासून घरावर माणूस चढला आहे. वैशाख उतरणीला लागला की आमच्याकडे कौलं चाळायची असतात. वर्षभरात माकडांनी सरकवलेली, नारळ पडून फुटलेली, शेवाळ धरलेली कौलं काढायची, झाडायची, फुटकी बाजूला टाकायची आणि बाकीची पुन्हा एकात एक अडकवून बसवायची. वर हे चाललं की खाली घरात वर्षाची धूळ उतरते. माजघरातली भांडी, अंथरुणं, देवांच्या तसबिरी, सगळं जुन्या लुगड्यांखाली झाकलेलं आहे. मी डोक्याला पदर गच्च गुंडाळून पडवीत बसले आहे. समोर कागद आहे. मुंबईच्या मंडळाला पत्र लिहायचं आहे आणि तासाभरात 'सा. न. वि. वि.'च्या पुढे गाडी सरकलेली नाही.

वरून यशवंताने हाक मारली. दरवर्षीचा गडी गुडघ्याने आडवा झाला, म्हणून यंदा हा नवा आला आहे.

"काकी गो, ह्या कोपऱ्यातली कौलां वेगळी आसत. शिक्को वेगळो, माप वेगळा. अकरा आसत. बदलून टाकू?"

"नको. तशीच बसव."

"बरोबर बसणत नाय, म्हणान इचारलंय."

"धा पावसाळे बसली मां? मगे अजून बसतली."

तो काहीतरी पुटपुटला आणि कामाला लागला. त्याला काय माहीत? त्या कोपऱ्याखाली माझ्या सासूबाई झोपायच्या. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. त्या असत्या तर खालूनच त्यांनी यशवंताची सात पिढ्यांची चौकशी केली असती आणि पाठोपाठ त्याला फणसाचे गरेही पाठवले असते.

वैशाखाला आमच्या गावात वास असतात. ऊन तापलं की बोंडूंचा आंबूस वास काजूच्या बागेतून खाली येतो. अंगणात एका चटईवर आमसुलं, दुसरीवर फणसपोळी, आणि वाऱ्याची दिशा बदलली की किनाऱ्यावरच्या वाळत्या सुंगटांचा, म्हणजे कोळंबीचा, वास या सगळ्यावर मात करतो. मुंबईहून चाकरमानी आलेले असतात. त्यांच्या ट्रंकांना डांबरगोळ्यांचा वास, त्यांच्या पोरांना पावडरीचा. महिनाभर गाव भरतो, आणि तरीही कोणी निवांत नसतं, कारण मिरग, पावसाचं मृग नक्षत्र, समोर उभा असतो. लाकडं आत घ्या, माडाच्या झावळ्यांची चुडतं विणा, मीठ भरा, कौलं चाळा. या घाईचं मला अजून प्रेम आहे. दहा वर्षांपूर्वीच्या एका वैशाखात मात्र ही घाई माझ्या छातीवर बसली होती, आणि ती मी माझ्या हाताने ओढवून घेतली होती.

मी कणकवलीकडची. सातवी पास होऊन या घरात आले. नवरा आणि दीर मुंबईला, घरात सासूबाई, थोरली जाऊ आणि मी. वाडीतल्या सुनांत तेव्हा सरळ पत्र लिहिता येणारी मी एकटी, त्यामुळे महिला मंडळ निघालं तेव्हा चिटणीसपद माझ्याकडे चालत आलं. मंडळ म्हणजे शाळेच्या व्हरांड्यात शनिवारी जमणाऱ्या पंधरावीस बायका, एक पेटी आणि एक वही. पण मी त्या वहीवर माझं नाव 'चिटणीस' असं वळणदार अक्षरात लिहिलं होतं, आणि ते सासूबाईंच्या नजरेतून सुटलं नव्हतं. तेव्हापासून त्या मला नावाने हाक मारेनाशा झाल्या. "चिटणीस, चुलीत लाकूड सारा." "चिटणीस, म्हशीक पाणी दाखयलंस?" मी शेण काढत असले तरी चिटणीसच.

मंडळ कशासाठी निघालं ते सांगितलं पाहिजे. त्याच्या आदल्या पावसाळ्यात माझ्या जावेचं, वहिनीचं, पहिलं मूल गेलं. दवाखाना खाडीपलीकडे. पाऊस चढला की खाडी फुगते, तर, म्हणजे पलीकडे नेणारी होडी, बंद होते आणि गावाचा जगाशी संबंध तुटतो. वहिनीला दुखायला लागलं तेव्हा आम्ही तिला डोलीतून धक्क्यापर्यंत नेलं. पलीकडे तरीवाला दिसत होता. तो हात हलवून नाही नाही म्हणत होता, आणि त्याचं काही चुकत नव्हतं. त्या पाण्यात त्याने होडी घातली असती तर आणखी माणसं गेली असती. वहिनी वाचली. मूल वाचलं नाही. घरी आल्यावर तिने कोणाला दोष दिला नाही, फक्त कितीतरी दिवस ती खाडीच्या बाजूचं दार उघडत नव्हती.

म्हणून ठरलं की गावातच एक खोली बांधायची. तालुक्याच्या लोकांनी सांगितलं, पक्की कौलारू खोली मिरगाच्या आत उभी करा, चार महिने नर्सबाई राहायला येईल. झापाच्या खोलीत सरकारी औषधं ठेवता येत नाहीत. त्याच सुमारास वहिनीला पुन्हा दिवस राहिले. हिशोब श्रावणाचा निघत होता. त्यानंतर खोलीचं काम हे फक्त मंडळाचं काम राहिलं नाही.

'श्रमदान' हा शब्द गावात जीपमधून आला. विकासाच्या साहेबांनी देवळापुढच्या सभेत तो चारपाच वेळा उच्चारला. सभा संपल्यावर म्हातारे बाबलतात्या मला म्हणाले, "साकव घालूक जातंव, बांध घालूक जातंव, ता आमचाच काम. ह्येका दान कित्याक म्हणतत?" मी तेव्हा त्यांना वहीतली व्याख्या वाचून दाखवली. आज तो प्रसंग आठवला की मला माझी लाज वाटते. ते खरंच विचारत होते, आणि मी त्यांना शिकवत होते.

पण काम झालं. चिरे गावच्याच खाणीतून आले, बायकांनी डोक्यावरून वाहिले. वाशांसाठी कोणी फणस दिला, कोणी आयनाचं झाड. राहिली कौलं. ती मुंबईचं मंडळ देणार होतं. गावचे चाकरमानी तिकडे महिन्यातून एकदा एका खोलीत जमत आणि गावच्या काळजीने चहा पीत, असं सासूबाई म्हणायच्या. त्यात तथ्य होतं, पण ती काळजीही खरी होती. फाल्गुनात त्यांचं पत्र आलं. खोलीची जागा देवस्थानची, तेव्हा आधी देवाचा कौल घ्यावा, कौल झाल्याचं कळवावं, म्हणजे आम्ही बंदरावरच्या व्यापाऱ्याला मंगळुरी कौलांची वर्दी देतो.

देवाने दोनदा उत्तर दिलं नाही. ओल्या पाकळ्या मूर्तीला चिकटून राहिल्या, ना डावी पडे ना उजवी. तिसऱ्या वेळी, शिमगा झाल्यावर, उजवी पाकळी पडली. गाऱ्हाणं घालणाऱ्याचा आवाज चढला, "व्हय म्हाराजा" म्हणून देवळापुढचा सगळा मांड घुमला, आणि मी घरी येऊन मुंबईला पत्र लिहायला बसले. तेवढ्यात बाबलतात्या दारात आले. लेकाकडे निघाले होते, दुसऱ्या दिवशीच्या बोटीने.

"पत्र कित्याक घालतंस? मी जातंय मां. तोंडान सांगतंय."

मी दौत झाकली. तात्या सुकं खारं, म्हणजे खारवलेली मासळी, कोकमं आणि पोह्यांची पिशवी घेऊन मुंबईला उतरले. सुकं खारं पोचलं, कोकमं पोचली, पोहे पोचले. देवाचा निरोप तात्या विसरले.

गावाला हे ठाऊक नव्हतं. आमच्या लेखी कौल कधीच झाला होता, आणि होऊन इतके दिवस लोटले होते की त्याबद्दल कोणी बोलतही नव्हतं. भिंती चढल्या, वासे लागले, पट्ट्या ठोकल्या आणि आम्ही समुद्राकडे बघत बसलो. वैशाखाचा पहिला पंधरवडा गेला. बंदरावर गलबतं येत होती आणि जात होती, आमची कौलं काही येत नव्हती. मग मी उठले, तीन मैल चालून पोस्टात गेले आणि तार करायची म्हटलं.

मी लिहिलेला मजकूर पोस्टमास्तरांनी वाचला आणि चष्मा कपाळावर सरकवला. "बाई, ही तार आहे, वर्तमानपत्र नव्हे. शब्द कमी करा." मला राग आला. सातवीत निबंधाला माझा पहिला नंबर होता. मी कागद ओढून घेतला, सगळं खोडलं आणि खाली चार शब्द लिहिले: कौल नाही, काम थांबले. मास्तर म्हणाले, "आता कसं!" त्यांनी ते चार शब्द रोमन अक्षरांत उतरवून घेतले. परतीच्या वाटेवर मी उन्हाला न जुमानता चालत होते. चार शब्दांत सगळं आलं होतं. माझा मलाच अभिमान वाटत होता.

मराठीत कौल तो आणि कौल ते. तो देतो देव, ते देतो व्यापारी. घरात बोलताना आमचा कधी घोटाळा होत नाही, कारण पुढचं क्रियापद सांभाळून घेतं. कौल झाला, कौल फुटलं, लहान पोरालाही कळतं. मी शब्द वाचवायच्या नादात ते क्रियापदच गाळलं होतं.

आठ दिवसांनी पत्र आलं. शाळेच्या व्हरांड्यात बायका जमल्या होत्या, मुंबईहून आलेले काही पुरुषही उभे होते. मी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "तार मिळाली. वाचून सर्व सभासदांस वाईट वाटले. तथापि देवाच्या मर्जीपुढे कोणाचा इलाज नाही. त्याचा कौल नसता बांधकाम करणे इष्ट नव्हे. सबब कौलांची वर्दी तूर्त दिलेली नाही. पावसाळ्यानंतर पुन्हा कौल घेऊन कळवावे."

क्षणभर कोणालाच उमगलं नाही. मग मागे कोणीतरी फिस्सकन हसलं, आणि बघता बघता सगळा व्हरांडा हसायला लागला. बाबलतात्या त्याच आठवड्यात परत आले होते. ते हसले नाहीत. त्यांनी दोन्ही हातांनी टक्कल धरलं. मीही हसले असते, पण खांबाला टेकून वहिनी बसली होती. सातवा महिना होता. तिने माझ्याकडे बघून विचारलं, "शालू, ता पत्र परत एकदा वाच बघया."

मी परत वाचलं. आता कोणी हसलं नाही.

"बरां," ती म्हणाली. भिंतीला धरून उठली आणि घराकडे चालू लागली.

त्या 'बरां'चा मला आजही त्रास होतो. तिने मला दोन शब्द सुनावले असते तर मी रडून मोकळी झाले असते. दुसऱ्या दिवशी पुरुष बंदरावर जाऊन आले. व्यापाऱ्याचा साठा संपला होता, शेवटचं गलबत येऊन गेलं होतं, समुद्र खवळायला लागला होता आणि होड्या वर ओढायला सुरुवात झाली होती. मिरगाला बारा दिवस होते. उघड्या भिंती आणि वर नुसते वासे. त्यांच्या सावलीचे पट्टे जमिनीवर पडले होते, आणि मी त्या पट्ट्यांत उभी राहून स्वतःच्या हुशारीला शिव्या देत होते.

घरी आले तेव्हा सासूबाई मागीलदारी आमसुलांसाठी रातांबे फोडत बसल्या होत्या. कोपरापर्यंत हात लालभडक. मी समोर बसले आणि एक रातांबा उचलला. फोडला नाही, नुसता हातात धरला. मला वाटलं, आता चिटणीसाचा उद्धार होणार.

"देवाक इचारलास," त्या म्हणाल्या. "मुंबैक इचारलास. गावाक कोणी इचारल्यान?"

"गावाकडे काय आहे विचारायला?" मी म्हटलं. रडू आलं की माझी भाषा शाळेतली होते. "कौलं पाहिजेत. पाचशे कौलं. ती काय गावात पिकतात?"

त्यांनी लाल बोट वर केलं. मी वर बघितलं. वर आमच्या घराचं छप्पर होतं.

"ह्यां काय आसा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गड्याला शिडी लावायला लावली. मी तेव्हा विहिरीवर होते. परत आले तर अंगणात अकरा कौलं एकावर एक रचलेली आणि सासूबाई प्रत्येकाच्या पाठीवर चुन्याचं बोट उठवत होत्या, आमची म्हणून खूण. कुठली काढली, मी विचारलं. "मांगरावरची," त्या गोठ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. "गोरवांक पाणी लागला तर लागांदे. ती काय चिटणीसाक बोलूक येवची नायत." मग डोक्यावर चुंबळ ठेवून चार कौलं स्वतः घेतली, चार माझ्या डोक्यावर दिली, तीन गड्याकडे, आणि आम्ही निघालो. खोली आमच्या घरापासून उतारावर सरळ आहे. त्या सरळ गेल्या नाहीत. भर उन्हात, डोक्यावर ओझं घेऊन, त्यांनी सगळ्या वाडीतून वळसा घेतला आणि प्रत्येक अंगणाच्या तोंडाशी, पेळेशी, थांबून एकच प्रश्न विचारला.

"तुमचो कौल काय गो?"

लोक आधी हसले. मग त्यांच्या डोक्यावरच्या ओझ्याकडे बघितलं. मग वर, आपापल्या छपराकडे.

मी त्या दिवशी जे बघितलं ते अजून पुरतं सांगता येत नाही. कोणी पाच दिली, कोणी वीस. एकीने मोजून तीन दिली, आणि ती तीन देताना तिचा जीव तिळतिळ तुटत होता हे दिसत होतं, पण दिली. एका घराने दार लावून घेतलं. आमच्या वाडीत मंगळुरी कौलांची घरं तेव्हा निम्मीसुद्धा नव्हती. मासे विकणाऱ्या पारूचं घर तर साफ चुडतांचं. तिच्या पेळेशी आम्ही थांबणार नव्हतो. तीच मागून धावत आली.

"माका कित्याक इचारूक नाय?"

सासूबाई म्हणाल्या, "तुझ्याकडे कौलां खंय आसत गो?"

"कौलां नाय, चुडतां आसत. ज्येच्या घराक भोक पडला त्येका मी घालतंय. तुमी दिलास म्हणान तुमी काय भिजाचा?"

आणि पुढचे पाच दिवस पारू आणि तिच्या शेजारणी भिजवलेल्या झावळ्या घेऊन बसल्या. ज्यांनी कौलं दिली त्यांच्या छपरांची भोकं, ज्यांच्याकडे कौलं नव्हती त्यांनी बुजवली. विकासाच्या साहेबांच्या कुठल्याच कागदात याला रकाना नव्हता.

खोलीवर मुंबईचे पुरुष चढले. मनगटावरची घड्याळं काढून खिशात ठेवली, आणि दुपारपर्यंत सगळ्यांच्या तळहातांना फोड आले. विष्णू मेस्त्री वैतागला होता. दहा कारखान्यांची कौलं, कोणाचं नाक कोणाच्या खाचेत जाईना. "ही एकामेकांत बसणत नाय," तो वरून ओरडला. खालून सासूबाईंनी उत्तर दिलं, "माणसां तरी खंय बसतत? तरी गाव चलता मां? बसव."

त्याने बसवली. मिरगाला दोन दिवस राहिले होते. नारळ फोडला, गाऱ्हाणं घातलं. 'जा काय चुकला-माकला आसात ता पोटात घाल' या शब्दांशी गाऱ्हाणं घालणारा म्हातारा थांबला आणि त्याने माझ्याकडे बघितलं. मग सगळ्या गावाने माझ्याकडे बघितलं. "व्हय म्हाराजा!" इतकं जोरात त्या आधी कधी निघालं नसेल. मी पदरात तोंड घालून हसले, आणि रडलेही.

पाऊस आला. नर्सबाई आली, लोखंडी पेटी आणि पांढरी छत्री घेऊन. श्रावणात तीन दिवस खाडी लाल आणि उंच वाहत होती, तर बांधून ठेवली होती, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनीला कळा सुरू झाल्या. आम्ही तिला डोलीत घातलं नाही. ती माझ्या खांद्यावर हात ठेवून, छत्रीखाली, दीडशे पावलं चालत गेली. मधे एकदा थांबली. तिथून खाडी दिसते. तिने तिकडे बघितलं आणि म्हणाली, "चल."

मी आणि सासूबाई बाहेर जोत्यावर, वळचणीखाली बसलो. आतून नर्सबाईचा आवाज, मधूनच वहिनीचा, आणि दोन ठिकाणी पाणी गळत होतं त्याखाली ठेवलेल्या ताटल्यांचा टपटप आवाज.   सासूबाईंचा हात माझ्या हातात कधी आला ते मला कळलं नाही. बोटांना अजून चुन्याच्या चिरा होत्या. मी मनात म्हणत होते, देवा, माझे चार शब्द माझ्याकडून वसूल कर, हिच्याकडून नको.

मग रडणं ऐकू आलं. आधी बारीक, मग चांगलं खणखणीत. नर्सबाई दारात येऊन म्हणाली, "मुलगी आहे. दोघी बऱ्या आहेत." सासूबाई उठल्या, बसल्या, पुन्हा उठल्या. आत गेलो तर वहिनी घामाने निथळत पडली होती आणि डोळे वर छपराकडे.

"आये," ती म्हणाली, "ता गळता ता कौल कोणाचां? त्येका सांगा."

कित्येक महिन्यांनी वहिनीने थट्टा केली होती.

दुसऱ्या दिवशी बाळंतिणीसाठी जुनी मऊ लुगडी काढायला मी सासूबाईंच्या कोपऱ्यात गेले. त्या त्यांच्या वस्तूंना कोणाला हात लावू देत नसत, म्हणून इतके दिवस मी तिकडे फिरकले नव्हते. अंथरूण गुंडाळून भिंतीशी सरकवलेलं होतं. त्या जागी एक चरवी ठेवलेली, अर्धी भरलेली. वर बघितलं. कौलं नव्हती, चुडत होतं, आणि चुडतातून थेंब पडत होता. मांगरावरची म्हणून सांगितलेली अकरा कौलं त्यांनी स्वतःच्या डोक्यावरची काढली होती. दोन महिने ती बाई बसून झोपत होती.

मी चरवी घेऊनच त्यांच्यासमोर उभी राहिले. "ही मांगरावरची काय?"

त्यांनी नातीच्या टाळूवर तेल थापटणं थांबवलं नाही. "मांगराचीच काढूक सांगितलंय. गडी चुकलो."

"अकरा कौलं चुकला?"

"तू चार शब्द चुकलंस मां?"

मी चरवी अंगणात रिकामी केली आणि परत त्या थेंबाखाली नेऊन ठेवली. 

समुद्र मोकळा झाल्यावर मुंबईचं मंडळ ओशाळून जागं झालं आणि पहिल्याच गलबताने सगळी कौलं आली. लालचुटूक, एका मापाची, एका शिक्क्याची. विष्णू मेस्त्री खूश. आता ही खोलीवर घालू आणि ज्याची त्याला परत देऊ, तो म्हणाला, चुन्याच्या खुणा आहेतच. वहिनी पोर कडेवर घेऊन जोत्यावर उभी होती. "ह्यां छप्पर काढूचा नाय," ती म्हणाली. ती फार बोलणारी नव्हे, त्यामुळे कोणी वाद घातला नाही. जुनी खोलीवर राहिली, नवी घराघरांच्या भोकांवर गेली. त्या वर्षी घाटी चढून वर गेलं की खाली सगळं गाव दिसायचं. काळवंडलेल्या छपरांवर कुठे पाच, कुठे वीस, कुठे तीन लाल कौलं. कोणी काय दिलं ते न सांगता वाचता यायचं. दार लावून घेतलेल्या घराचं छप्पर सगळं काळं होतं. पुढच्या वैशाखात त्या घरची बाई न सांगता नर्सबाईसाठी लाकडांचे तीन भारे टाकून गेली.

आता दहा पावसाळ्यांनी सगळी कौलं सारखीच काळी झाली आहेत. परवा घाटीवरून मुद्दाम बघितलं, काही ओळखू येत नाही. बरंच झालं. दिलेलं फार दिवस ओळखू येऊ नये.

या दहा वर्षांत मी पुष्कळ सभा ऐकल्या. सेवा, त्याग, दान, सगळे शब्द माझ्या वहीत उतरवून झाले. माझ्या मनात मात्र सासूबाईंचा एकच प्रश्न घोळतो. आम्ही आधी देवाला विचारलं आणि मग मुंबईला. वरच्याला आणि लांबच्याला मागताना लाज वाटत नाही. शेजारणीपुढे पदर पसरायचा तर ती नाही म्हणेल ही भीती, आणि हो म्हणाली तर उद्या विहिरीवर तिच्यापुढे मान खाली जाईल ही त्याहून मोठी भीती. म्हणून आम्ही गृहीत धरलं की तिच्याकडे काही नाही. सासूबाईंना माझ्या तारेचा राग नव्हता. आपल्याला कोणी विचारलंच नाही, याचा होता. पारूलाही तोच होता.

आता मुंबईच्या मंडळाचं पत्र आलं आहे. खोली अपुरी पडते, जोडून दुसरी बांधा, कौलं आम्ही देऊ, काय ते कळवा. गेले आठ दिवस वहिनी आणि मी वाडीतून फिरलो. प्रत्येक पेळेशी थांबून तोच प्रश्न विचारला. चिरे कोण, वासे कोण, हात किती, सगळं ठरलं. दोन घरं नाही म्हणाली, त्यांच्या अडचणी खऱ्या आहेत. पारू म्हणाली, चुडतां तयार ठेवतंय, मुंबैचो काय नेम? परवा देवळात एकाच बैठकीत उजवी पाकळी पडली. बाबलतात्या आता काठी घेऊन चालतात. देवळाच्या पायरीवर मला म्हणाले, "ह्या वर्सा पत्र तूच घाल, बाय माझे."

यशवंत खाली उतरून पायावर पाणी घेतो आहे. "काकी, कोपरो झालो. अकराच्या अकरा बसयलंय." मी मान हलवते आणि लिहायला लागते. या वेळी क्रियापदं गाळायची नाहीत. 'देवाचा कौल मिळाला आहे. गावाचाही मिळाला आहे. आता छपराची कौलं पाठवावीत.' वाचून बघते. शुद्ध आहे, कोणाचा घोटाळा होणार नाही. तरी काहीतरी टोचतं. मान वळवून आत बघते. लुगड्यांखाली झाकलेल्या माजघरापलीकडे तो कोपरा, वरून नुकतीच झाडलेली धूळ अजून उन्हात तरंगते आहे.

काय म्हणाल्या असत्या ते मला ठाऊक आहे. "चिटणीस, गावाचां नाव मागे कित्याक? आधी घाल. देव काय रागावणा नाय."

कागद फाडते. दुसरा घेते आणि पहिली ओळ लिहिते: गावाचा कौल मिळाला आहे.